चोळी व तिचे शिवणकार, खानदेशातील

खानदेशातील, म्हणजे हल्लीच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील, बहुसंख्य स्त्रियांचा परंपरागत वेश लुगडे व चोळी हा होय. लुगडे मागावरून उतरले की नेसण्यास सिद्ध होते. त्याला कात्री वा सुई लागत नाही. त्यामुळे या वेशात शिंप्याच्या वाट्यास मुख्यतः चोळीच आली. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे तालुक्यातील म्हसावदच्या आसमंतात, पावरा स्त्रियांत घागरा व ओढणी रूढ असल्याने तेथे शिवणाचे काम अधिक आहे.

सतराव्या शतकात सुरत–बुऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात असे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने बुऱ्हाणपूरच्या तलम सुती कापडाचे वर्णन केले असून स्त्रियांच्या ओढण्यांसाठी ते इराण, तुर्कस्तान आदी देशांत जात असल्याचे नोंदविले आहे. हिंदी चिटांनी पुढे यूरोपीय स्त्रियांनाही वेड लावले. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यांवर घातलेली बंदी १७५९ पर्यंत टिकली. लंडनमध्ये तर १७१९ च्या सुमारास चिटाचे कपडे घातलेल्या स्त्रियांवर तेथील विणकरांनी भर रस्त्यात हल्ले केले.

कापड असे दूरवर गेले. ते शिवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे वेगळ्या रीतीने सुटला. पॅरिसमध्ये पुरुष शिंप्यांच्या संघाची मक्तेदारी होती. चौदाव्या लुईने १६७५ मध्ये शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र संघ मान्य केला. स्त्रियांना स्त्रियांकडूनच कपडे करून घेता यावेत, हे शालीनतेचे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले होते. ताठ कंचुकी व दरबारी पोशाख मात्र पुरुषांकडेच राहिले.

खानदेशात व्यवसाय जातीने ठरलेला होता. संत नामदेवांना आपले मानणारा नामदेव शिंपी व अहिर शिंपी हे येथील प्रमुख वर्ग. शिंप्याची गणना अलुतेदारांच्या काही याद्यांत आढळते. चोळीसाठी काठाचा खण वापरीत. ओटीत मिळालेला खण बेतताना त्याचा काठ बाहीच्या टोकाशी आणावा लागे. पाठ, बाह्या व पुढचे भाग जोडून छातीखाली गाठ मारण्यापुरती टोके ठेवीत. अंगाचे माप सहसा घेत नसत. जुनी चोळी ‘मापाची’ म्हणून शिंप्याकडे धाडीत. शालीनतेची अडचण अशी परस्पर मिटल्यामुळे येथे स्त्री-शिवणकारांच्या वेगळ्या संघाची निकड कोणास भासली नसावी.

याचा अर्थ स्त्रिया शिवीत नव्हत्या असा मुळीच नाही. शिंप्यांच्या घरातील स्त्रिया व मुले शिवणात हातभार लावीत, असे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांवरून कळते. इतर घरांतही धावदोरा व टीप घालून चोळ्या शिवल्या जात. परंतु दुकान, गिऱ्हाईक व नाव पुरुषाचे. म्हणून इतिहासात ‘शिंपी’ एवढाच शब्द उरला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्र आले आणि चोळीची जागा हळूहळू पोलक्याने घेतली. स्त्रियांना उपजीविकेसाठी शिवणकाम शिकविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात संस्थांमार्फत झाले. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाचा (१९०९) त्यांत ठळक वाटा आहे. तेथे शिकणारी स्त्री कोणत्याही जातीची असू शके, आणि शिवणीचा मोबदला तिच्या स्वतःच्या हाती येई.