बुळकांडीची अखेर

मृगाच्या तोंडावर दावणीचा एक बैल दगावला म्हणजे दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याचे सारे वर्ष बुडते. उरलेल्या एकट्या बैलाने नांगर ओढवत नाही. जोडीदार उसना मागावा, तर बुळकांडीच्या साथीत शेजाऱ्याच्याही गोठ्यात तीच कळा. आधी कडक ताप, मग डोळ्यांतून धारा, तोंडात व्रण आणि शेवटी दुर्गंधी जुलाब; आठ-दहा दिवसांत खेळ आटोपत असे.

१८६५ साली ही साथ इंग्लंडात शिरली, तेव्हा तेथील सरकारने रोगी जनावरे मारून ती आटोक्यात आणली. गाईला माता मानणाऱ्या देशात तो मार्ग बंदच होता. येथील साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ साली निघाला. रोगी जनावर वेगळे बांधावे, हा सल्ला रास्त खरा. पण ज्याचा गोठा एकच आणि ज्याच्या गावाला पाणवठाही एकच, त्याने ते बांधावे तरी कोठे?

१८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. भरवस्तीत असल्या जंतूंशी खेळ नको, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेण्यात आली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्‌स या शास्त्रज्ञाने रोगाचे विषाणू एका बकऱ्यातून दुसऱ्यात असे वारंवार टोचून सौम्य केले. त्या लशीच्या एका टोचणीने आपल्याकडील देशी गुरांना दीर्घकाळ संरक्षण मिळू लागले. डोंगरी आणि संकरित जनावरांना मात्र ती जड जाई.

स्वतंत्र भारताने १९५४ साली देशव्यापी मोहीम काढली. पाच वर्षांत ऐंशी टक्के गुरांना लस टोचावयाची, असे ठरले. साथी पुष्कळ ओसरल्या, पण रोग गेला नाही. आम्हां सरकारी नोकरांना ऐंशी टक्के म्हणजे सिद्धीच वाटते. विषाणूला मात्र उरलेले वीस टक्के पुरतात. बाजारोबाजार हिंडणारी गुरे त्याला नव्या गावी पोहोचवीत राहिली.

म्हणून १९९० नंतरच्या दशकात धोरण बदलले. जेथे रोग दिसत नव्हता, तेथे टोचणीच थांबवावयाची आणि गावोगाव शोध घ्यावयाचा, कारण लशीच्या पडद्याआड दडलेला विषाणू एरवी सापडत नाही. हे धाडसच होते. आता सगळी भिस्त शेतकऱ्यावर होती. आजारी बैल गुपचूप बाजारात विकला तर चार पैसे हाती लागत. तसे न करता त्याने गुरांच्या दवाखान्यात वर्दी द्यावयाची होती.

भारतातील शेवटचा रोगी १९९५ साली आढळला. २००६ साली देश या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिलाच.