प्रवाळ मत्स्यालयातील पाण्याची तपासणी

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळ आणि त्यांच्यासोबत राहणारे मासे, शंखशिंपले, कोळंब्या इत्यादी सागरी जीव सांभाळण्यासाठी उभारलेली खाऱ्या पाण्याची टाकी होय. अशा टाकीतील पाण्याची नियमित रासायनिक तपासणी हा प्रवाळसंगोपनाचा पाया मानला जातो. समुद्रातील पाण्याचा साठा अफाट असल्यामुळे तेथील प्रवाळांनी कितीही कॅल्शियम शोषले तरी पाण्याच्या घटनेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र प्रवाळ ज्या पाण्यावर जगतात तेच पाणी दररोज थोडेथोडे बदलून टाकतात. हा बदल डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्वच्छ, नितळ असतानाही प्रवाळ मरू शकतात. म्हणून तपासणीचा हेतू एखादा आदर्श आकडा गाठणे हा नसून पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने बदलत आहे हे ओळखणे हा असतो.

प्रवाळाची जडणघडण

प्रवाळ हा दिसायला वनस्पतीसारखा असला तरी तो प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्याच संघात त्याचा समावेश होतो. एका वसाहतीत पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषण करून तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळाला देते आणि त्या बदल्यात प्रवाळाकडून आसरा व पोषकद्रव्ये घेते. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन ॲरागोनाइट या खनिजाचा सांगाडा रचतात. तापमान, क्षारता किंवा पोषकद्रव्ये यांत मोठा चढउतार झाला की प्रवाळ आणि शैवाल यांची ही भागीदारी मोडते. शैवाल निघून गेल्यावर पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचे विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, परंतु त्याची उपासमार सुरू झालेली असते.

मत्स्यपालनाच्या छंदात प्रवाळांचे तीन ढोबळ गट केले जातात. सारकोफायटनसारखे मऊ प्रवाळ सर्वांत सोशिक समजले जातात. युफिलियासारखे मोठ्या पॉलिपांचे कठीण प्रवाळ मध्यम प्रतीचे असतात, तर ॲक्रोपोरासारखे लहान पॉलिपांचे कठीण प्रवाळ पाण्यातील बदलाला सर्वांत लवकर बळी पडतात.

इतिहास

घरगुती टाकीत प्रवाळ जगवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत जकार्ता येथील ली चिन एंग यांचे नाव घेतले जाते. त्यांनी समुद्राचे पाणी, जिवंत सूक्ष्मजीवांनी भरलेले खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर टाक्या चालवल्या व १९६१ मध्ये या पद्धतीवर लेख लिहिला. पुढे जर्मनीत बर्लिन पद्धत रूढ झाली. तिच्यात जिवंत खडक, पाण्यातील सेंद्रिय द्रव्य फेसावाटे बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर हे यंत्र आणि चुन्याची निवळी यांवर भर होता. मोनॅको येथे झाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराचा उपयोग करणारी रीत विकसित केली. घरी वापरता येणारे चाचणी-संच सहज मिळू लागल्यावर हा छंद अंदाजाकडून मोजमापाकडे वळला.

क्षारता

मराठीत या विषयावर लिहिताना एका शब्दाबाबत सावध राहावे लागते. शालेय भूगोलात ‘सागरजलाची क्षारता’ म्हणजे पाण्यात विरघळलेल्या मिठांचे प्रमाण. पाण्याची आम्ल पचवण्याची शक्ती ही अगदी निराळी गोष्ट असूनही तिलाही बोलताना क्षारता म्हटले जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात मिठांच्या प्रमाणाला क्षारता आणि आम्ल पचवण्याच्या शक्तीला अल्कता म्हटले आहे.

समुद्राच्या पाण्याची सरासरी क्षारता दर किलोग्रॅममागे ३५ ग्रॅम असते. २५ अंश सेल्सिअसला हे पाणी गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२६ पट जड भरते. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. तो केवळ शुद्ध पाण्यावर जुळवून घेणे पुरेसे नसते. ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवल्यास चूक कमी होते. बाष्पीभवनात पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे रोजची तूट भरून काढताना खारे पाणी न घालता मीठविरहित शुद्ध पाणी घालावे लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, तांबे व सिलिका टाळण्यासाठी हे पाणी आरओ आणि त्यापुढील आयन-विनिमय गाळणीतून घेतात.

इतर सर्व चाचण्यांच्या आधी क्षारता पाहण्याचे एक कारण आहे. ती ३५ वरून ३१ वर घसरली तर पाणी पातळ झाल्यामुळे ४२० चे कॅल्शियम ३७० च्या आसपास दिसू लागते. अशा वेळी कॅल्शियमची पूड ओतणारा मनुष्य चुकीच्या रोगावर औषध देत असतो.

अल्कता, कॅल्शियम व मॅग्नेशियम

अल्कता छंदिकांमध्ये बहुधा जर्मन अंशांत सांगितली जाते. समुद्रात ती साडेसहा ते सात अंश असते. टाकीत ७ ते ११ अंशांच्या दरम्यान ठेवतात. कॅल्शियम समुद्रात लिटरमागे सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम, तर मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते. मॅग्नेशियम हे कॅल्शियम कार्बोनेटचा साका पाण्यातच बसू देत नाही. ते फार कमी झाल्यास कितीही भर घातली तरी कॅल्शियम आणि अल्कता टिकत नाहीत. ती पंपावर व काचेवर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने जमा होतात.

या तिघांत अल्कता सर्वांत वारंवार का मोजतात, याचे उत्तर अंकगणितात आहे. सांगाडा रचताना प्रवाळ अल्कतेचे २.८ अंश वापरतो तेव्हा कॅल्शियम केवळ २० मिलिग्रॅमने घटते. समजा, दोनशे लिटरच्या टाकीत काहीही भर न घालता सोमवारी संध्याकाळी अल्कता ८.४ आणि बुधवारी त्याच वेळी ७.६ भरली. म्हणजे रोजचा खप ०.४ अंश झाला. एवढ्याने अल्कता दिवसाला सुमारे पाच टक्के घसरते. त्याच एका दिवसात कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ३ मिलिग्रॅम कमी होते, आणि घरगुती संचावर हा फरक दिसतच नाही. कॅल्शियमचा आकडा समाधानकारक दिसत असताना अल्कता निम्म्यावर आलेली असू शकते, ती अशी.

ही तूट भरून काढण्याचा हिशेबही अवघड नाही. एका लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढवण्यास सुमारे ३० मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा लागतो. वरील टाकीला रोज ३० × ०.४ × २०० = २,४०० मिलिग्रॅम, अर्थात २.४ ग्रॅम सोडा पुरेल. बेकिंग पावडर हा निराळा पदार्थ असून तो येथे चालत नाही. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वेगळ्या वेळी किंवा टाकीच्या दुसऱ्या टोकाला घालतात. दोन्ही द्रावणे एकत्र आली की लगेच साका बसतो. अल्कता खूप घसरलेली आढळली तरी ती एका दिवसात एका अंशापेक्षा अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. घाईने केलेली दुरुस्ती मूळ घसरणीपेक्षा जास्त घातक ठरते. ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी पडणे हे तिचे नेहमीचे लक्षण होय.

चुन्याची निवळी हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. श्वास फुंकल्यावर दुधाळ होणारी, शाळेच्या प्रयोगशाळेतील निवळी तीच. एका लिटर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते आणि ते कॅल्शियम व अल्कता प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात पुरवते. निवळी अतिशय दाहक असल्याने बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याऐवजी थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडतात. पानात लावण्याच्या चुन्यात इतर द्रव्ये असू शकतात, म्हणून शुद्ध प्रतीचा चुना वापरणे इष्ट.

सामू

टाकीतील पाण्याचा सामू साधारण ७.८ ते ८.४ यांमध्ये असतो. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे कार्बन डायऑक्साइड खर्च होऊन तो वाढतो, रात्री उतरतो. बंद, वातानुकूलित खोलीत माणसांच्या श्वासोच्छ्वासामुळेही तो कमी राहतो. अशा वेळी रसायन घालण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

नायट्रेट व फॉस्फेट

माशांचे खाद्य व विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे चक्र बसण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया शून्य झाल्याखेरीज त्यात प्रवाळ ठेवत नाहीत. पुढे नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅम यांदरम्यान असल्यास बहुतेक प्रवाळ चांगले राहतात. फॉस्फेट जास्त झाले की सांगाड्याची वाढ मंदावते, हिरवे शैवाल माजते आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागतात. मात्र दोन्ही घटक पूर्ण शून्यावर आणण्याचा अट्टहास हीदेखील चूकच आहे. उपाशी प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर वाळूवर पसरतो. फॉस्फेटचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की रंगपट्टीशी डोळ्यांनी तुलना करण्यापेक्षा कलरिमीटरचा आकडा अधिक भरवशाचा ठरतो.

तपासणीची रीत

अल्कतेची चाचणी म्हणजे साधे अनुमापन होय. मोजलेल्या नमुन्यात दर्शक घालून रंग पालटेपर्यंत आम्लाचे थेंब सोडतात. अनेक संचांत निळा रंग पिवळसर होतो. काही संचांत एक थेंब म्हणजे एक अंश धरलेला असतो. रोजचा खपच ०.४ अंश असेल तेथे असा संच फारसे काही सांगू शकत नाही. सुईविरहित पिचकारीने दशांशापर्यंत मोजणारा संच घ्यावा लागतो. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबी रंग जाऊन निळा येतो. हा बदल सावकाश होत असल्याने शेवटचे थेंब अंतर ठेवून सोडावेत.

चाचणीची कुपी आधी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळतात. थेंबांची बाटली उभी धरली तरच थेंब सारख्या आकाराचे पडतात. चाचणी दर वेळी दिवसाच्या त्याच प्रहरी व त्याच संचाने करावी, कारण दोन संचांचे आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. अनपेक्षित आकडा आल्यास प्रथम चाचणी पुन्हा करावी, रसायनांची मुदत पाहावी आणि शक्य तर ज्ञात प्रमाणाच्या द्रावणावर संच पारखून घ्यावा. पाण्याला हात त्यानंतर लावावा. नवीन टाकीत अल्कता दिवसाआड आणि स्थिरावलेल्या टाकीत आठवड्यातून एकदोनदा मोजतात. मॅग्नेशियमला महिन्यातून एकदा पुरते. आकडे तारीखवार वहीत लिहून ठेवणे हा कंटाळवाणा भाग असला तरी सुट्या आकड्याला अर्थ येतो तो या नोंदींमुळेच. तांबे, आयोडीन, स्ट्राँशियम अशा सूक्ष्म घटकांसाठी पाण्याचा नमुना प्लाझ्मा-वर्णपटमापन करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. माशांच्या औषधांतील तांबे प्रवाळांना व इतर अपृष्ठवंशी जीवांना मारक असते. आजारी माशावर वेगळ्या टाकीत उपचार करावे लागतात.

तापमान

प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. महाराष्ट्राच्या किनारी भागात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच ३२ अंशांपुढे जाते. पृष्ठभागावर पंखा लावल्यास पाणी थंड होते, पण बाष्पीभवन वाढून क्षारता चढते; पावसाळ्याच्या दमट हवेत तर पंख्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे अनेकांना शीतक यंत्र घ्यावे लागते. वीज गेल्यास उष्णतेआधी प्राणवायूची टंचाई जाणवते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवतात.

विषबाधेचा धोका

झोअँथिड गटातील काही प्रवाळांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असे जीव चिकटलेला खडक उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे किंवा तो कोरडा घासणे जिवावर बेतू शकते, कारण वाफेतून व तुषारांतून विष श्वासात जाते. टाकीत काम करताना हातमोजे व चष्मा वापरावा. खडक हाताळल्यानंतर ताप, छातीत दाटणे, डोळ्यांची जळजळ अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालयात जाऊन प्रवाळांशी संपर्क आल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात सागरभित्ती रचणाऱ्या प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. त्यामुळे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात वा कच्छचे आखात येथून प्रवाळ काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. हे अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे प्रवाळयुक्त पठार आहे. सर्व कठीण प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने परदेशातून ते आणण्यासही परवाने लागतात. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले आहे. टाकीत वापरला जाणारा जिवंत खडकही बहुतांशी मृत प्रवाळांचाच सांगाडा असतो. त्याऐवजी कृत्रिम खडक वापरून त्यावर जिवाणू वाढवता येतात.