बियाणं मोकळं, नाव राखीव

भोर आणि वेल्हे (शासनदरबारी आता राजगड) हे भाताचे तालुके. इथल्या खाचरांत रुळलेला इंद्रायणी वाण 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर आला. एका अंगानं आंबेमोहर 157, दुसऱ्या अंगानं 1966 साली फिलिपाइन्समध्ये प्रसारित झालेला आयआर 8, असा तो संकर. भाताचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून कणगीत राखलेलं बी पुढच्या पावसाळ्यात राबावर टाकलं की बहुतेक तेच पीक हाती येतं. नक्कल करण्याची सोय निसर्गानंच बियाण्यात घालून ठेवली आहे, आणि कायद्यानंही तिला फारसा हात लावलेला नाही. 1966च्या बियाणे कायद्यातलं कलम 24 सांगतं की स्वतः पिकवलेलं बी शेतकऱ्यानं आपल्याच जागेवर, पेरणीसाठी थेट दुसऱ्याला दिलं किंवा विकलं, तर हा कायदा त्याला लागू नाही. म्हणजे खळ्यावर पायलीनं मोजून दिलेलं बी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलं. पुढे 2001च्या वाणसंरक्षण कायद्यानं, कलम 39मध्ये, संरक्षित वाणाचं बी राखायला, पेरायला, वाटायला, विकायलाही शेतकऱ्याला मुभा दिली. अट एकच घातली: ते ‘ब्रँडेड’ असता कामा नये. आणि ब्रँडेड म्हणजे काय, तर पिशवीत भरून, अमुक संरक्षित वाणाचं आहे असं दाखवणारं लेबल लावलेलं बी. माल मोकळा, लेबल राखीव. ही तडजोड माझ्या मते त्या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग आहे.

कारण संगणकाच्या आज्ञावलींच्या दूरच्या धंद्यातही भांडणं होत होत नेमकी हीच वाट सापडली होती. लिनक्स या मोकळ्या संगणकप्रणालीचा परवाना सांगतो की आज्ञावली घ्या, बदला, वाटा. पण 2004 साली लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या मोकळ्या आज्ञावलीतून सेंटओएस नावाची प्रणाली उभी राहिली, तेव्हा रेड हॅटचं नाव वापरायला कंपनीच्या वकिलांनी 2005मध्ये हरकत घेतली. मग सेंटओएसवाल्यांनी मूळ कंपनीचा उल्लेख ‘उत्तर अमेरिकेतली एक नामांकित विक्रेती’ असा आडवळणानं केला. कोणाचा ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं! डेबियन या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीनं तर 2006मध्ये आपल्यातल्या फायरफॉक्स ब्राउझरचं नावच बदलून आइसवीझल केलं. आपण दुरुस्त केलेल्या आवृत्तीला तेच नाव हवं असेल तर बदलांना फायरफॉक्सवाल्या मोझिलाची मान्यता घ्या, ही अट त्यांना मानवेना. 2016मध्ये तिढा सुटला आणि जुनं नाव परत आलं.

यावर आक्षेप असा की नावाचा हक्क हा मागच्या दारानं आणलेला मक्ताच आहे; गिऱ्हाईक नावावर माल घेतं, मग नुसत्या मोकळ्या मालाचं करायचं काय? आक्षेप पोकळ नाही. पण नाव बेवारस सोडल्यावर काय होतं तेही पाहावं. ‘लिनक्स’ हे नाव अमेरिकेत विल्यम डेला क्रोस नावाच्या भलत्याच माणसानं नोंदवून घेतलं आणि 1996मध्ये तो विक्रेत्यांकडे पैसे मागू लागला. खटला होऊन 1997मध्ये ते नाव लिनक्सचा मूळ कर्ता लिनस टोरवाल्ड्स याच्याकडे आलं. आंबेमोहराचं झालेलं नुकसान वेगळ्या तऱ्हेचं. त्याच्यावर कोणी मालकी सांगितली नाही, पण बाजारात परप्रांतीचा बारीक तांदूळ त्याच नावानं खपला. खरा आंबेमोहर उंच वाढून लोळतो आणि उतारा कमी देतो. तो पिकवणाऱ्याला त्या नावाचा भाव मिळेना, तेव्हा त्यानं इंद्रायणी लावला. 2016 साली आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या पडझडीनंतर. एका कंपनीकडे नाव असण्यापेक्षा मुलखाकडे असणं मला केव्हाही रास्त वाटतं.

तरी एक गाठ उरतेच. मानांकनाचं नाव वापरायला उत्पादकानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. डोंगरउतारावर चार खाचरं कसणाऱ्यानं ती एकट्यानं करणं अवघडच. खळ्यावरच्या विक्रीला 1966मध्ये दिली तशी सूट इथे देता येणार नाही, कारण हे नाव मोलाचं ठरतं ते खळ्यापासून लांब, पुण्या-मुंबईच्या दुकानात, जिथे पिकवणाऱ्याला कोणी ओळखत नाही. तेव्हा ही नोंद गावच्या सोसायटीनं किंवा शेतकरी गटानं सभासदांच्या वतीनं करून द्यावी, आणि पोत्यावर त्या गटाचंही नाव असावं.