कुमारप्पा, जोसेफ कॉर्नेलियस

(४ जानेवारी १८९२–३० जानेवारी १९६०). गांधीवादी अर्थचिंतक. जन्म तंजावर येथे, ख्रिस्ती कुटुंबात. लंडनमध्ये सनदी लेखापाल होऊन मुंबईत व्यवसाय. पुढे कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक आयव्ययाचा अभ्यास. ब्रिटिश साम्राज्यावरील त्यांची टीका मुख्यतः जमाखर्चाची आहे: कर कोणाकडून वसूल होतो आणि खर्च कोणासाठी होतो? १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून चालविले. तेथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांवर प्रयोग होत.

तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात ते निसर्गातून अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडतात. बागेत शिरून आयती फळे ओरबाडणारे माकड खालच्या पायरीवर, तर समूहासाठी मध साठवणारी मधमाशी बरीच वर. कोळसा व खनिज तेल हे संपणारे साठे असून त्यांवर उभ्या उद्योगांतून राष्ट्रांत हिंसा अटळ ठरते, असे ते म्हणतात. वारा, पाणी, लाकूड हा मात्र वाहता पुरवठा. पायऱ्यांची ही वर्गवारी नीतिशास्त्राकडे झुकते, बाजारभावांबाबत ती फारसे सांगत नाही. साठा आणि प्रवाह यांतील भेद मात्र पुढील पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या फार आधीचा आहे.