राणीच्या नावाचं टेम्प्लेट

भायखळ्यात व्हिक्टोरिया राणीचं नाव एके काळी किती ठिकाणी चिकटवलं होतं बघा. १८६२ मध्ये खुली झालेली व्हिक्टोरिया गार्डन्स, तिच्या आवारातलं १८७२ चं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आणि १८८७ मध्ये इथेच सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (ती १९२३ मध्ये माटुंग्याला गेली). आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या भाषेत, टेम्प्लेट एकच! नावाची जागा रिकामी, तिथे राणी भरायची.

व्हिज्युअल स्टुडिओच्या टेम्प्लेटमध्येही डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये 'सेफप्रोजेक्टनेम' लिहून ठेवतात. नवा प्रोजेक्ट काढला की तिथे त्याचं नाव पडतं. गोची व्हायची ती एकाच टेम्प्लेटमधून अनेक प्रोजेक्ट काढताना. 'बाग' असं नाव दिलं की 'बाग.वेब' आणि 'बाग.डेटा' ही पोरं तयार होत, पण वेबच्या फाइलींत त्या जागी 'बाग.वेब' एवढंच भरलं जाई. भावंडाचा, म्हणजे डेटाचा, पत्ता लिहायला लागणारं नुसतं 'बाग' तिथे मिळतच नसे. मग विझार्डचा क्लास लिहून मूळ नाव एका स्टॅटिक डिक्शनरीत जपायचं आणि पोरांना पुरवायचं, असला उद्योग आम्ही करायचो. २०१३ च्या दुसऱ्या अपडेटमध्ये 'कॉपीपॅरामीटर्स' आलं. आता शब्दाआधी 'एक्स्ट' आणि अंडरस्कोर लावला की मूळ नाव पोरांपर्यंत पोचतं.

भायखळ्यातली नावं बदलली तेव्हा मात्र पोरांनी आपापली वाट धरली. बाग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली. बोलण्यात ती आधीही राणीबाग होती, नंतरही राणीबागच राहिली. इन्स्टिट्यूटने १९९७ मध्ये कमालच केली. वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट! व्हीजेटीआयची चारही अक्षरं जागच्या जागी. जुना एकही संदर्भ तुटला नाही, याला म्हणतात रीनेम.

तरी मला जास्त आवडतं ते म्युझियमचं नामांतर. तिथे एका राणीच्या जागी दुसरी थोर व्यक्ती नुसती भरलेली नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्या वास्तूसाठी स्वतः खटपट केली होती, वर्गणी गोळा केली होती. १८७४ मध्ये ते वारले. पाटीवर त्यांचं नाव आलं १९७५ मध्ये.