उगमाकांठचीं दोन गांवें

शिरगणतीचीं कोष्टकें वाचणें हें काम बहुतेकांस रुक्ष वाटतें, आणि तें फारसें खोटेंहि नाहीं. परंतु एखाद्या कोष्टकाची शेवटची ओळ अशी असते कीं, तिच्यापाशीं थांबल्यावांचून वाचकाला पुढें जाववत नाहीं. क्रोएशिया देशाच्या २०२१ सालच्या शिरगणतींत अशी एक ओळ आहे. त्या देशांत लहानमोठ्या नगरांखेरीज ४२८ 'ओप्चिना' आहेत. ओप्चिना म्हणजे कांहीं खेडीं मिळून बनलेली स्थानिक स्वराज्याची संस्था. तिला स्वतःचा निवडलेला प्रमुख असतो, स्वतःचें मंडळ असतें, स्वतःचा जमाखर्च असतो. या ४२८ संस्थांची लोकसंख्येच्या उतरत्या क्रमानें यादी केली, तर अगदीं तळाशीं त्सिव्ल्याने हें नांव येतें आणि त्यासमोर आंकडा येतो १७१. शहरांतील एखाद्या मोठ्या चाळींतहि याहून अधिक माणसें नांदतात.

एवढ्या लहान वस्तीला इतिहास तो कसला असणार, असें कोणाच्याहि मनांत येईल. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. या वस्तीचा इतिहास अकराशें वर्षांचा आहे, आणि माणसें एखाद्या ठिकाणीं कां येतात, कां टिकतात व कां नाहींशीं होतात, याचा बोध त्यापासून जितका स्पष्ट होतो तितका मोठमोठ्या राजधान्यांच्या बखरींवरूनहि होत नाहीं.

प्रथम स्थळाची ओळख करून घेणें जरूर आहे. आड्रियाटिक समुद्राच्या पूर्वकिनाऱ्याला डाल्मेशिया म्हणतात. तेथील बंदरें आणि बेटें प्रवाशांना ठाऊक असतात. परंतु किनाऱ्यालगतचे डोंगर ओलांडले म्हणजे जो ओसाड, खडकाळ मुलूख लागतो, त्याकडे फारसें कोणी वळत नाहीं. त्याला तेथील लोक 'झागोरा', म्हणजे डोंगरापलीकडचा मुलूख, असेंच म्हणतात. या मुलुखांत, क्निन शहराच्या आग्नेयेस, दिनारा पर्वताच्या पायथ्याशीं त्सिव्ल्याने व त्सेतिना हीं दोन खेडीं आहेत. या दोहोंची मिळून ती ओप्चिना. दिनाराचें शिखर सुमारें सहा हजार फूट उंच आहे, आणि पर्वताच्या माथ्यापलीकडे बोस्निया लागतो.

हा सारा प्रदेश चुनखडीचा. चुनखडीच्या डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनीं वाहत नाहीं; तो भेगांतून खालीं मुरतो, जमिनीच्या पोटांतील भुयारांतून वाट काढतो आणि पायथ्याशीं एकदम प्रकट होतो. त्यामुळें वर सर्वत्र कोरडा दगड, आणि खालीं एखाद्या ठिकाणीं मात्र अखंड पाणी, असा प्रकार होतो. त्सेतिना गांवाजवळ असाच एक निळाशार डोह आहे. त्याचें तोंड लहान, परंतु खोली विलक्षण. पाणबुडे त्यांत शंभर मीटरांहून खालीं उतरले आहेत. हाच त्सेतिना नदीचा मुख्य उगम. नदीचें आणि गांवाचें नांव एकच. येथून निघालेली नदी सुमारें शंभर किलोमीटर वाहत जाऊन ओमिश या गांवीं समुद्राला मिळते. ज्या मुलुखांत पाणी दुर्मिळ, त्या मुलुखांत न आटणाऱ्या उगमाचें मोल काय असेल, हें सांगावयास नको.

म्हणूनच येथें माणसांची वस्ती जुनी. उगमाजवळच 'स्वेती स्पास', म्हणजे पवित्र तारणहार, या नांवाचें एक पडकें देऊळ उभें आहे. त्याचें छप्पर गेलें, परंतु भिंती आणि पुढील बाजूचा मनोरा अद्यापि टिकून आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस, ब्रानिमिर हा क्रोएटांचा ड्यूक राज्य करीत असतां, तें बांधलें गेलें. त्या काळच्या क्रोएट वास्तूंपैकीं इतकी शाबूत राहिलेली वास्तु क्वचितच आढळते. येथें सांपडलेल्या लॅटिन शिलालेखावरून देऊळ बांधविणाऱ्याचें नांव गास्तिहा असें कळतें. तो त्या परगण्याचा 'झुपान', म्हणजे अधिपति, होता. आणि आपली आई नेमिरा व आपले मुलगे यांच्या आत्म्यांस शांति लाभावी म्हणून त्यानें हें पुण्यकर्म केलें. राजेरजवाड्यांच्या लढाया पुष्कळांनीं लिहून ठेवल्या. येथें एका मुलानें आपल्या आईचें नांव दगडावर कोरून ठेवलें, आणि तें अकरा शतकें राहिलें.

देवळाभोंवतीं मोठें स्मशान आहे. विसाव्या शतकांत तेथें उत्खनन झालें, तेव्हां अकराशेंहून अधिक थडगीं उघडकीस आलीं. पिढ्यान् पिढ्या लोक येथें जगले, येथेंच पुरले गेले. आज त्या दोन्ही गांवांत मिळून जितके जिवंत लोक आहेत, त्यांच्या सहापटीहून अधिक मृतांची एका देवळाच्या अंगणांत मोजदाद झाली आहे.

ही पहिली वस्ती तुर्कांच्या स्वारीनें मोडली. १५२२ सालीं क्निनचा किल्ला तुर्कांच्या हातीं पडला आणि दिनाराच्या पायथ्याचा मुलूख त्यांच्या साम्राज्यांत गेला. जुने रहिवासी किनाऱ्याकडे, बेटांवर, किंवा त्याहूनहि दूर पळाले. देऊळ ओस पडलें. परंतु सीमेवरचा मुलूख निर्मनुष्य ठेवणें कोणत्याच राज्यकर्त्याला परवडत नाहीं. ज्या वाटेवर पहारा नाहीं ती वाट शत्रूची, आणि ज्या जमिनीवर मेंढरें नाहींत तिच्यापासून कर नाहीं. म्हणून तुर्कांनीं बाल्कन प्रदेशांतील धनगर लोक या भागांत आणून वसविले. त्यांना 'व्लाख' म्हणत. त्यांतील पुष्कळजण ऑर्थोडॉक्स पंथाचे होते, आणि पुढील काळांत त्यांचे वंशज स्वतःस सर्ब म्हणवूं लागले. याच प्रदेशांत कॅथॉलिक कुटुंबेंहि येऊन राहिलीं. त्यांचे वंशज क्रोएट. दोघांची बोली एक, मेंढपाळीचा धंदा एक, घरें एकाच दगडाचीं; भेद होता तो क्रूस कोणत्या रीतीनें करावयाचा यांत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस पारडें फिरलें. १६८८ सालीं व्हेनिसच्या फौजांनीं क्निन घेतलें, आणि १६९९ व १७१८ च्या तहांनीं व्हेनिस व तुर्कस्थान यांमधील सीमारेषा ठरली. दिनाराची रांग ही तेव्हां दोन साम्राज्यांची हद्द झाली; आजहि क्रोएशिया व बोस्निया यांची हद्द या भागांत तीच आहे. व्हेनिसलाहि सीमेवर माणसें हवीं होतींच. १७५६ सालीं व्हेनिसचा अधिकारी ग्रिमानी यानें जमिनीचा प्रसिद्ध कायदा केला. त्या अन्वयें प्रत्येक कुटुंबास माणशीं दोन शेतें पादुआ शहराच्या मापानें देण्यांत आलीं. मालकी सरकारची, वहिवाट कुळाची. जमीन विकतां येत नसे. पुरुषवंश खुंटला कीं ती सरकारजमा होई. मोबदला दोन प्रकारचा: उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आणि वेळ पडेल तेव्हां हातांत शस्त्र घेऊन सीमेवर उभें राहणें. या डोंगरी लोकांस व्हेनिसचे लोक 'मोर्लाकी' म्हणत. आल्बेर्तो फोर्तिस नांवाच्या इटालियन धर्मगुरूनें त्सेतिनेचा उगम स्वतः येऊन पाहिला, आणि १७७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथांत मोर्लाकींच्या रीतिरिवाजांचें असें वर्णन केलें कीं, साऱ्या युरोपचें लक्ष तिकडे वेधलें.

व्हेनिसचें गणराज्य १७९७ सालीं बुडालें. नंतर ऑस्ट्रिया, कांहीं वर्षें नेपोलियनचे फ्रेंच, पुन्हां ऑस्ट्रिया, आणि १९१८ नंतर युगोस्लाव्हिया अशीं राज्यें आलीं. सीमेच्या पहाऱ्याची गरज संपली. परंतु लोकसंख्या वाढत होती, दगडांतली शेती वाढत नव्हती. म्हणून डाल्मेशियाच्या अंतर्भागांतून माणसें अमेरिकेकडे जाऊं लागलीं. दुसऱ्या महायुद्धांत क्रोएशियांतील उस्ताशी राजवटीनें सर्बांची कत्तल केली, सर्बांच्या चेत्निक टोळ्यांनीं क्रोएट खेडीं जाळलीं, आणि दोहोंकडील अनेक तरुण टिटोच्या सैन्यांत गेले. युद्ध संपल्यावर उगमाच्या खालील अंगास याच नदीवर पेरुचा हें मोठें धरण बांधण्यांत आलें. वीज निर्माण झाली. परंतु वीज जिकडे गेली तिकडेच माणूसहि गेला. १९६८ सालीं पश्चिम जर्मनीशीं मजूरभरतीचा करार झाला, आणि खेड्यांतील कर्ते पुरुष तिकडे पाठविण्याचा राजमार्गच खुला झाला. १९७१ च्या शिरगणतींत परदेशांत कामास गेलेल्यांची वेगळी नोंद करावी लागली, यांतच सर्व आलें.

यानंतरचें प्रकरण दुःखद आहे. १९९१ सालीं युगोस्लाव्हिया फुटला. त्सिव्ल्यानेला लागूनच असलेलें कियेवो हें क्रोएटांचें गांव त्या वर्षीं ऑगस्टच्या २६ तारखेस युगोस्लाव्ह सैन्यानें घेतलें. तेथील लोकांना परागंदा व्हावें लागलें. क्निन ही बंडखोर सर्बांच्या स्वयंघोषित राज्याची राजधानी झाली. १९९३ च्या जानेवारींत पेरुचा धरण सुरुंगांनीं उडविण्याचा प्रयत्न झाला. मार्क ग्रे नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें त्यापूर्वींच सांडव्याची दारें उघडून पाण्याची पातळी उतरविली होती, म्हणून बांध तग धरून राहिला आणि खालच्या खोऱ्यांतील हजारों लोक वांचले. नंतर १९९५ च्या ऑगस्टमध्यें क्रोएट सैन्यानें चार दिवसांत हा सर्व मुलूख परत मिळविला. तेव्हां दीड ते दोन लाख सर्ब ट्रॅक्टरांवर व मोटारींवर चीजवस्तु लादून बोस्निया व सर्बियाकडे निघून गेले. हजारों रिकामीं घरें जाळलीं गेलीं, आणि मागें राहिलेल्या वृद्धांपैकीं अनेकांचे खून पडले. १९९१ सालीं क्रोएशियांत सर्बांचें प्रमाण शेंकडा बारा होतें. २००१ सालीं तें साडेचारावर आलें.

२००१ च्या शिरगणतींत त्सिव्ल्यानेचा आंकडा १३७ भरला. त्यानंतर कांहीं कुटुंबें परतलीं. विशेषतः म्हातारी माणसें परतलीं, कारण परक्या शहरांत मरण्यापेक्षां आपल्या दारांतल्या दगडावर बसणें त्यांना बरें वाटलें. २०११ सालीं संख्या २३९ झाली, त्यांत १८८ सर्ब होते. परंतु परत आलेल्यांच्या मागून त्यांचीं नातवंडें आलीं नाहींत. १ जुलै २०१३ रोजीं क्रोएशिया युरोपीय संघांत गेला, आणि तरुणांना, सर्ब असोत कीं क्रोएट, जर्मनी व आयर्लंडची वाट मोकळी झाली. १९९१ सालीं सबंध देशाची लोकसंख्या सुमारें ४७ लक्ष ८४ हजार होती. २०२१ सालीं ती ३८ लक्ष ७२ हजारांच्या आंत आली. त्सिव्ल्यानेचा आंकडा २३९ वरून १७१ वर उतरला. हा शेवटचा उतार मात्र कोणत्याहि सैन्यामुळें झालेला नाहीं.

यापूर्वीं हीं गांवें ओस पडलीं तेव्हां तीं पुन्हां भरलीं, याचें कारण शोधूं गेल्यास तें राज्यकर्त्यांच्या दयेंत सांपडत नाहीं. तुर्काला कर हवा होता, व्हेनिसला शिपाई हवा होता. दोघांनाहि त्या ओसाड सीमेवर माणसाची गरज होती, म्हणून त्यांनीं माणूस आणला आणि त्याला जमीन दिली. आजच्या राज्याचा कर शहरांत जमतो आणि त्याची सीमा यंत्रें राखतात. त्याला दिनाराच्या पायथ्याशीं माणूस असला काय, नसला काय, सारखेंच. युद्धानें रिकामें केलेलें गांव शांतता भरून काढील, अशी समजूत सर्वत्र असते. ती येथें खोटी ठरली आहे. शांतता म्हणजे केवळ तोफांचें मौन नव्हे. परत येणाऱ्यास शाळा, दवाखाना व उद्योग मिळाला, तरच तिला पूर्ण अर्थ येतो.

२०२१ सालीं दिनारा पर्वताचा प्रदेश निसर्गोद्यान म्हणून घोषित झाला, आणि उगमाचा निळा डोह पाहण्यास उन्हाळ्यांत प्रवासी येतात. त्या डोहाच्या काठावर ऑर्थोडॉक्स पंथाचें एक नवें, विसाव्या शतकांतील, देऊळ आहे. तें येशूच्या स्वर्गारोहणास वाहिलेलें आहे, आणि त्या सणाला सर्ब लोक 'स्पासोव्दान' म्हणतात. जवळच गास्तिहाचें 'स्वेती स्पास'. दोन पंथांच्या, दोन लोकांच्या, हजार वर्षांच्या अंतरानें बांधलेल्या या दोन देवळांच्या नांवांत शब्द एकच आहे: 'स्पास', म्हणजे तारण. आईसाठीं देऊळ बांधणारा गास्तिहा गेला, व्लाख धनगर आले, त्यांचेहि वंशज पांगले. पाणी मात्र दिनाराच्या पोटांतून पूर्वींसारखेंच वर येत आहे, आणि तें भरून नेण्यास १७१ माणसें अद्यापि शिल्लक होतीं, एवढें २०२१ च्या शिरगणतीनें नोंदविलें आहे.