क्षय, बुरशी आणि औषधांचा विरोध

'क्षय' हा शब्द झीज दाखवितो. ती कोणामुळे होते, हे तो सांगत नाही. चरकसंहितेतील 'राजयक्ष्मा' हेही लक्षणसमूहाचेच नाव होय. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला. १८९६ मध्ये लेमान व नॉइमान यांनी त्याच्या वर्गास 'मायकोबॅक्टेरियम' म्हटले. द्रवावरील त्याची वाढ बुरशीसारखी दिसे, म्हणून नावात बुरशी शिरली. वस्तुतः तो जंतू बुरशी नव्हे.

खरी बुरशी निराळी. तिला मिकेलीने १७२९ मध्ये 'ॲस्परजिलस' हे नाव दिले, ते चर्चमधील तीर्थ शिंपडण्याच्या साधनाशी असलेल्या साम्यावरून. १८५६ मध्ये फिर्खोने मानवी फुप्फुसातील तिच्या वाढीचे वर्णन केले. तथापि क्षयाशी तिचा संबंध ठळक झाला, तो क्षय बरा होऊ लागल्यावर. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढील औषधांनी रोगी वाचू लागले. जंतू नाहीसा होई. फुप्फुसात पडलेली पोकळी मात्र राही, आणि तीत बुरशी वाढे. ब्रिटनमध्ये अशी पोकळी उरलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २५ टक्क्यांच्या रक्तात बुरशीविरोधी प्रतिपिंडे, तर ११ टक्क्यांच्या क्ष-किरणचित्रात बुरशीचा गोळा आढळला. १९७० च्या फेरपाहणीत हे दुसरे प्रमाण १७ टक्क्यांवर गेले होते.

खोकला, रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे दोहोंतही सारखीच. म्हणून थुंकीत जंतू नसतानाही 'क्षय उलटला' असे समजून पुन्हा क्षयाचीच औषधे दिली जाण्याचा धोका असतो. दोन्ही रोग एकत्र असले, तर पेच अधिकच बिकट होतो. क्षयावरील प्रमुख औषध रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना चेतविते. त्यामुळे इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही बुरशीनाशके शरीरात झपाट्याने नष्ट होतात व त्यांची रक्तातील मात्रा निष्प्रभ होण्याइतकी घटते. शिरेवाटे देण्याचे अँफोटेरिसिन या विरोधातून सुटते, परंतु मूत्रपिंडांना अपाय करते. अर्थात दोन औषधे केवळ जोडीने दिल्याने दोन रोगांवर उपचार होतोच, असे नाही.

क्षय आटोपल्यावर मात्र बुरशीवरील उपचार फलदायी ठरतो. चंडीगढ येथील ३१ रुग्णांच्या चाचणीत (२०१३) सहा महिने इट्राकोनॅझोल घेतलेल्यांपैकी ७६.५ टक्क्यांना, तर न घेतलेल्यांपैकी ३५.७ टक्क्यांना गुण आला. चाचणी लहान, पण तिचा बोध स्पष्ट आहे. जुना शब्द झिजेपाशी थांबतो. उपचाराला मात्र झिजविणारा कोण, हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते.